डावा पीळ

१

कल्याणच्या बाजारात परशुरामशेठच्या दुकानातून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही, असं लोक म्हणत. हे वाक्य लोकांच्या तोंडी घातलं होतं ते शेठनीच. पण बाजारात पुष्कळ फिरलं की वाक्यही खरं व्हायला लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांचे वडील सुंभ विकायचे. खाडीवरच्या बंदरात काथ्याच्या दोरांची वेटोळी मांडून बसायचे. परशुरामनं शाळा अर्ध्यात सोडली आणि दोर वळायला शिकला. पुढं स्टोव्हच्या पिना विकल्या, मग पंखे, मग मिक्सर. मिक्सरच्या खोक्यात येणारी माहितीपुस्तकं वाचून ते इंग्रजी शिकले, त्यामुळं त्यांच्या इंग्रजीत 'डेंजर' आणि 'कॉशन' हे शब्द जरा जास्तच यायचे.

एक्क्याण्णव सालच्या आसपास एका एजंटानं त्यांच्या गळ्यात छोट्या वॉशिंग मशीनचा लॉट मारला. बादलीहून थोडं मोठं, मोरीतल्या स्टुलावर मावणारं मशीन. तळात एक चकती, बाजूला टायमरची किल्ली, खाली पाणी सोडायची नळी. धुवायचं चांगलं, पण पिळायची सोय त्यात नव्हती. बाकीच्या दुकानांत हा माल धूळ खात पडला. "पिळायचंच असेल तर मशीन कशाला, माझी सून आहे की," असं बायका सरळ तोंडावर म्हणायच्या.

एके दिवशी शेठनी शेजारणीला झबली वाळत घालताना पाहिलं. पाणी निथळतंय, पण बाई पिळत नाही. आणि शेठच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाळाचं धुणं पिळत नाहीत. पिळलं की बाळाच्या पोटाला पीळ पडतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर पाटी लागली: 'खास बाळाच्या धुण्यासाठी. पिळत नाही.'

माल बघता बघता उठला. खाडीकाठची जनाबाई कोळीण तर हट्टानं घेऊन गेली, आणि पंधरवड्यात सांगत आली, "शेट, कोलबी काय चकाचक धुवून निघते. पन आता कपऱ्यांना वास मारतो, त्याला काय करू?"

शेठनी तिला साबणाची वडी विकली.

२

मोहने गावची आवडाबाई मात्र मशीन परत घेऊन आली.

रिक्षावाल्यानं ते आणून काउंटरवर ठेवलं. झाकण सुंभानं आवळून बांधलेलं होतं. दोर चांगला, गाठ मात्र एका हातानं मारल्यासारखी वेडीवाकडी. शेठचं लक्ष आधी गाठीकडं गेलं. माणूस कितीही मोठा झाला तरी बापाचा धंदा डोळ्यांतून जात नाही.

"या आवडाबाई. काय बिघडलं?"

"काही नाही. मशीन चांगलं आहे. फार चांगलं पिळतं."

शेठ हसले. "अहो बाई, ह्याला पिळायची सोयच नाही. तेच तर सांगून मी तुम्हाला विकलेलं."

"तेच म्हणते मी, शेठ."

बाई हसली नाही. तिचा डावा हात मघापासून पदराखाली होता. शेठना वाटलं, भाजला असेल. त्यांनी विषय बदलला.

"बाळ काय म्हणतं?"

"बरं आहे. लांब असतं आता. माझ्या माहेरी."

"एवढंसं पोर, आईवेगळं?"

बाईनं मशीन उजव्या हातानं शेठकडं सरकवलं. शेठनी पैसे पुढं केले, ते घेतले नाहीत. इस्त्री दाखवली, कुकर दाखवला. तिनं मान हलवली आणि गेली. त्या दुकानातून रिकाम्या हातानं गेलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. शेठना ते दिवसभर खटकत राहिलं. फुकटात आलेला माल त्यांनी कधी सरळ मनानं घेतला नव्हता.

तरी त्यांनी तो घेतला.

३

दुकानाच्या मागच्याच बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर शेठचं घर. त्यांची मुलगी मालन टिटवाळ्याला दिलेली, ती पहिल्या बाळंतपणाला आलेली. मुलगी झाली. बारसं सव्वा महिन्यानंतर टिटवाळ्यालाच करायचं ठरलेलं, तोवर सगळे तिला 'बाळी' म्हणत. शेठ दुकान टाकून दिवसातून चारदा जिना चढायचे. "पंखा नीट चाललाय का बघायला आलो," असं म्हणायचे. पंखा नीटच चालत असायचा.

लंगोट, झबली, दुपटी ह्यांचा डोंगर रोज मोरीत पडायचा. शेठची बायको कलावती कंबरेनं वाकलेली. म्हणून शेठनी आवडाबाईचं मशीन घरी आणलं. तपासून, पुसून, मोरीत स्टुलावर ठेवलं.

मशीनचा आवाज घरभर यायचा. घुर्र करून उजवीकडं, मग थांबणं, मग घुर्र करून डावीकडं. आठवड्याभरात त्या आवाजाची सवय झाली.

एका सकाळी कलावतीनं वाळत घालायला बादली घेतली आणि ती आत ओरडली, "मालन, लेकराचं धुणं पिळलंस कशाला गं?"

"मी कुठं पिळलं? मी मशीनला लावलं आणि पाणी सोडून दिलं."

"मग हे काय?"

बादलीत पिळे होते. झबल्याचा एक, दुपट्याचा एक. मधे घट्ट, दोन्ही टोकांना निमुळते, आणि बायका ठेवतात तसे मधोमध दुमडून ठेवलेले. कलावतीनं एक उलगडायला घेतला तर उलगडेना. पाण्याचा थेंब म्हणून त्यात राहिला नव्हता.

४

घरात चोर शिरला तर माणसं एक होतात, पण घरात खोड शिरली की एकमेकांवर जातात. कलावतीला वाटलं, मालन खोटं बोलते. मालनला वाटलं, आई विसरते. दोघींनी मिळून हौसाबाईवर संशय घेतला.

हौसाबाई बाळंतिणीला तेल लावायला आणि बाळाला न्हाऊ घालायला यायची. तिनं सरळ पाटावरून हात झटकले. "माझ्या हाताखालून आळीभरची लेकरं गेली, वहिनी. मी लेकराचं धुणं पिळीन? मीच तुम्हाला सांगणार होते. तुमच्या घरात कुणीतरी पिळतंय. पोरीच्या पोटाला हात लावून बघा."

बाळी रडायची, ते आता वेगळंच रडायची. पाय पोटाशी घेऊन, अंग एका बाजूला वळवून. डॉक्टरांनी गॅस सांगितला, थेंब दिले. थेंबांनी काही झालं नाही.

शेठनी मशीन उघडलं. चकती थोडी इकडं फिरते, थोडी तिकडं. कपडे गुंततील, हे त्यांना पटत होतं. एकमेकांत अडकतील, बाह्यांची गाठ बसेल. पण गुंता वेगळा आणि पिळा वेगळा. गुंता आपोआप होतो. पिळा कुणीतरी करावा लागतो.

त्यांनी एक पिळा खिशातून दुकानात नेला. गल्ल्यामागं बसून बोटांत फिरवून पाहिला, आणि उलटा धरून पुन्हा पाहिला.

पीळ डावा होता.

५

त्या दुपारी शेठनी घरातल्या बायकांना ओळीनं उभं केलं आणि प्रत्येकीच्या हातात एकेक ओला पंचा दिला. "पिळा."

"हे काय नवीन?" कलावती म्हणाली.

"पीळ बघायचाय. उजव्या हाताचं माणूस पिळतं तेव्हा पीळ एका अंगाला पडतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. बंदरावर आमचे वडील नुसता दोर बघून सांगायचे, हा कुणी वळलाय."

"शेठ, मला धुण्याला ठेवायचं चाललंय काय?" हौसाबाई पंचा पिळत म्हणाली. "तसं असेल तर पगाराचं आधी बोला."

मालन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. शेठही हसले, आणि हसता हसता त्यांनी पंचे पाहिले. कलावतीचा उजवा. हौसाबाईचा उजवा. मालनचा उजवा. स्वतःच्या हातानं पिळलेला बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी तोही पिळून पाहिला. तोही उजवाच.

"मशीन बंद," त्यांनी जाहीर केलं. "आजपासून हातानं धुवायचं. नुसतं निथळवायचं."

"आणि माझी कंबर?" कलावती म्हणाली. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा. एवढं चांगलं मशीन..."

पण शेठ पुढचं ऐकत नव्हते. मोरीच्या बंद दाराकडं पाहत होते. 'फार चांगलं पिळतं', आवडाबाई म्हणाली होती. आणि शेठ तिला हसले होते.

६

मशीन बंद झालं. प्लग काढून खुंटीला अडकवला. मशीन परत दुकानात न्यायचं, असं शेठ रोज म्हणत, आणि सणासुदीची गर्दी म्हणून रोज राहून जात होतं.

बाळी दोन दिवस शांत झोपली. शेठनी मनाशी हिशोब मांडला, की चकतीत काहीतरी खोट असेल, उलट फिरायचा गियर अडकत असेल. कारण सापडलं की माणसाला जेवण जातं. ते पोटभर जेवले.

शुक्रवारी लाइट गेली. शुक्रवार म्हणजे त्या भागात लाइट जायचाच वार. पंख्याविना दुकानात कुणी टिकेना, म्हणून शेठ दुपारी लवकर घरी आले. कलावती मंडईत गेलेली. दार मालननं उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"बाबा, तुम्ही बघा ना जरा हिच्याकडं. सकाळपासून थांबतच नाहीये."

पाळण्यात बाळी लाल झाली होती. शेठनी तिला पोटावर थोपटायला म्हणून झबलं वर केलं आणि त्यांचा हात तिथंच राहिला. इवल्याशा पोटावर तिरप्या रेषा होत्या. फिकट, एकाशेजारी एक. दिवसभर ओला दोर ओढल्यावर तळहातावर उमटतात तशा. सगळ्या डावीकडं कललेल्या.

आणि मोरीतून आवाज आला. घुर्र.

थांबला. पुन्हा, घुर्र. त्याच बाजूला. उजवीकडचा आवाज आलाच नाही.

"मालन, मशीन लावलंयस?"

"लाइट कुठाय बाबा?"

"मग आत काय आहे?"

"काही नाही. लंगोट नि दुपटं भिजत घातलंय. बादली मोकळी नव्हती, म्हणून मशीनमधे घातलं. चालू कुठं केलंय?" मग तिनं बापाचा चेहरा पाहिला. "भिजत घातलेलं पण चालत नाही का?"

७

मोरीत अंधुक उजेड होता. प्लग खुंटीला लटकत होता. शेठनी तो हातात धरून पाहिला, परत अडकवला आणि झाकण उचललं.

पाणी हलत नव्हतं. वरचा फेस जागच्या जागी. त्याखाली दुपटं फिरत होतं. नुसतं दुपटं. एक टोक वर आलेलं, हळूहळू स्वतःभोवती वळत, आणि बाकीचं खाली गढूळ पाण्यात गेलेलं. प्रत्येक वळणाला आतल्या खोलीत बाळीचा आवाज एक सूर वर चढत होता.

शेठनी हात घालून ते टोक पकडलं.

रडणं थांबलं. कुणी नळ बंद करावा तसं.

त्यांनी मूठ सैल केली. बाळी किंचाळली. मूठ आवळली. शांत.

नोट घेताना ती दोनदा उजेडात धरणारा हा माणूस. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं असतं, पण तेवढं धैर्य झालं नाही. समजायचं ते समजलं होतं. पिळायला दोन टोकं धरावी लागतात. चादर पिळताना एक बाई इकडं उभी राहते, एक तिकडं. एका हातानं जगात काहीच पिळता येत नाही. इतके दिवस घरात सगळे विचारत होते, कोण पिळतंय, कोण पिळतंय. दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. तिथं बाळी होती.

शेठनी मनगटावर दुपट्याचा एक वेढा घेतला, जहाजावरचे लोक घेतात तसा. दुपटं खाली ओढलं गेलं. हात कोपरापर्यंत आत गेला. मशीन बादलीएवढं. तळ हाताला लागायला हवा होता. लागला नाही.

फेस थोडा बाजूला झाला. त्यांना नको असताना दिसलं. खूप खाली, पाणी संपायला हवं होतं त्याच्याही खाली, कापडाच्या त्या टोकाला बोटं होती. पांढरी, आयुष्यभर पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. ती घाई करत नव्हती. सवयीचं काम असल्यासारखी एकेक पीळ चढवत होती.

मग फेस मिटला.

"बाबा, काय केलंत? झोपली बघा." मालन दारात उभी होती.

"तिला घे आणि टिटवाळ्याला जा. आत्ता. खाली रिक्षा कर."

"आत्ता? सव्वा महिना कुठं झालाय? आई काय म्हणेल?"

"आईला मी सांगतो."

"बाबा, तुमचा हात..."

"कापड अडकलंय. मालन, इथलं एकही कापड बरोबर घ्यायचं नाही. अंगावरचं झबलंसुद्धा. तिला तुझ्या पदरात गुंडाळ आणि जा. थांबू नकोस, मागं बघू नकोस."

ती क्षणभर तशीच उभी राहिली. बाबांनी सोबत एखादा किस्सा न जोडता काही सांगितलं, असं तिच्या जन्मात झालं नव्हतं. त्या एका कारणानं ती गेली.

शेठनी जिन्यावरची पावलं ऐकली. खाली रिक्षावाल्याशी बोलणं ऐकलं. रिक्षा सुरू झाली, वळली, बाजाराच्या गलक्यात मिसळली. दोर कितीही लांब असला तरी त्याला लांबी असते. कुठंतरी तो पुरणार नाही. तेवढं पोरीनं जावं. तेवढा वेळ हे टोक हातातून सुटू नये. बाकी काही मागायचं नव्हतं.

त्यांचं मनगट वळायला लागलं. डावीकडं.

मनगट जिथं थांबतं तिथं ते येऊन थांबलं. शेठनी दात आवळले. आतून एक सावकाश, अनुभवी ओढ आली, आणि ते पुढं वळलं.

कलावती मंडईतून आली तेव्हा लाइट आली होती, पंखे फिरत होते, घर शांत होतं. "अहो, सगळे गेले कुठं?" ती हाक मारत मोरीपर्यंत आली. भाजीची पिशवी तिच्या हातातून तिथंच पडली.

८

बारसं टिटवाळ्याला थाटात झालं. शेठ अंगावर शाल घेऊन बसले होते. जिन्यावरून पडलो, हातावर आलो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि जिन्यावरून पडलेल्या एका व्यापाऱ्याची गोष्टही वर जोडली. लोक पोट धरून हसले. बाळी गुटगुटीत झाली होती. मालननं तिला त्यांच्याजवळ आणलं तेव्हा हा हात तिच्याजवळ नको म्हणून ते उठून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले. बाळी कल्याणला पुन्हा आली नाही. येऊ दिली नाही.

मशीन दुकानात परत आलं. खाडीत टाका, भंगारात द्या, असं कलावतीनं सांगून पाहिलं. शेठ काही बोलले नाहीत. दोराचं एक टोक सोडून दिलं की ते कुणाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही, एवढं दोरवाल्याच्या मुलाला कळतं. त्यांनी झाकणावर सुंभाचे वेढे दिले, एका हातानं जमेल तशी गाठ मारली, आणि मशीन गल्ल्यामागं, नजरेसमोर ठेवलं. त्या वेड्यावाकड्या गाठीकडं पाहताना त्यांना मोहन्याची बाई आठवायची. पदराखालचा हात आठवायचा. तिनं ते टोक कुणासाठी धरलं असेल, हेही आता विचारावं लागत नव्हतं.

पुढच्या वर्षी एक बाई आली. बरोबर सून, दिवस भरत आलेली. मिक्सर बघता बघता सासूची नजर गल्ल्यामागं गेली.

"शेठ, ते छोटं मशीन केवढ्याला? बाळाच्या धुण्याला बरं पडेल. तुमची पाटी वाचलेली मी मागं."

"ते विकायचं नाही, बाई."

"का हो? बिघडलंय?"

शेठनी उजवा हात सदऱ्याच्या आत आणखी थोडा सरकवला.

"नाही. चांगलं आहे," ते म्हणाले. "फार चांगलं पिळतं."

सासूला ते वेड्यासारखं वाटलं असावं. तिनं तोंड वाकडं केलं, सुनेला घेऊन निघाली. त्या दुकानातून रिकाम्या हातानं गेलेलं हे दुसरं गिऱ्हाईक. शेठ काउंटरवरून वाकून तिच्याकडं बघत राहिले. सून सावकाश पायऱ्या उतरत होती, आणि तिचे दोन्ही हात मोकळे, अंगासरशी हलत होते.